वालाच्या शेतातले सोडण

मी एक जुने सोडण आहे.

मित्रांनो, सोडण म्हणजे काय, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना सांगावे लागेल. तुमच्या घरी नारळ येतो तो सोललेला, डोक्यावर शेंडी ठेवलेला. त्याच्या अंगावरचे जाड, तंतूंचे कवच कुठे गेले, हे कोणी विचारत नाही. ते कवच म्हणजे मी. आता तर मी पूर्ण सोडणही राहिलेले नाही. मुठीत मावेल एवढा माझा तुकडा उरला आहे.

आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील. जुनी छत्री सांगते की मी किती जणांना भिजू दिले नाही. जुने घड्याळ सांगते की मी कधी चुकले नाही. मलाही तसे काही सांगता आले असते तर फार बरे झाले असते. पण मी सेवेच्या गोष्टी सांगायला बसले तर ते खोटे होईल. माझ्यामुळे एका शेताच्या मातीतले जीव गेले आणि एका सुनेच्या हाताला बोल लागला. ही कहाणी त्याची आहे, आणि ती सांगताना मला लाज वाटते.

माझा जन्म वटार गावातल्या एका वाडीत झाला. वाडी फ्लॉईडची. खाली केळी, एका बाजूला पानवेली आणि बांधाने उभी नारळाची झाडे. मी हिरवे होते तेव्हा भारी गर्विष्ठ होते. आतले पाणी आणि खोबरे सांभाळण्याचे काम माझे, त्यामुळे नारळ म्हणजे मीच, असे मला वाटे. मग एक दिवस आम्ही खाली आलो. जमिनीत रोवलेल्या लोखंडी सळीवर फ्लॉईडने मला दोन-चार झटक्यांत नारळापासून वेगळे केले. नारळ कुणाच्या तरी लग्नाच्या स्वयंपाकात गेला. मी वाडीच्या कोपऱ्यातल्या ढिगावर जाऊन पडले.

त्या ढिगाला काही किंमत नव्हती. रोज सकाळी अंघोळीचे पाणी तापवायला कोणीतरी येई आणि वरची चार सोडणे उचलून चुलीत घाली. आपला नंबर कधी लागतो याची वाट बघण्यापलीकडे आम्हाला काही उद्योग नव्हता. अशा वेळी कोणी येऊन म्हणाले, की तू जळण नाहीस, तू फार गुणाचे आहेस, तर काय होईल सांगा? माझेही तेच झाले. मी हुरळून गेले.

तसे म्हणणारा फ्लॉईडच होता. तिशीतला, वाडीत राबणारा, पण डोके कायम कसल्या तरी नव्या खटपटीत. सोडणाचा भुगा मातीत मिसळला तर माती ओल धरून ठेवते, हे त्याने कुठेतरी बघितले होते. ते खोटे नाही. आमच्या अंगात अशी पोकळ जागा असते की आम्ही आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी पिऊन बसतो. फ्लॉईडने सोडणे दळायचे एक जुने यंत्र मिळवले. पण कोरडे सोडण यंत्रात घातले की तंतू गुंडाळून यंत्र अडायचे. सोडण भिजून मऊ पडले तरच ते नीट दळले जाते. भिजवायला पाणी हवे, आणि ते दिवस एप्रिलचे होते. वाडीच्या विहिरीचे पाणी केळीलाच जेमतेम पुरत होते.

म्हणून फ्लॉईडने आम्हाला टेम्पोत भरले आणि खाजणाकडे नेले. खाजण म्हणजे भरतीचे पाणी आत शिरते ती सखल जमीन. तिथल्या एका डबक्यात त्याने आम्हाला वर दगड ठेवून बुडवले. त्याच्या मनात काही वाईट नव्हते. गोड्या पाण्याची नासाडी नको, एवढाच त्याचा साधा विचार होता. समुद्राजवळ राहणाऱ्या माणसाला खाऱ्या पाण्याची इतकी सवय असते की ते खारे आहे, हेच तो कधी कधी विसरतो.

आणि मी? मी प्यायले. अंगात मावेल तेवढे प्यायले. पाणी गोडे की खारे, हे मी पाहिलेच नाही. मला एकच शहाणपण येत होते, पाणी धरायचे. पावसाळ्याच्या तोंडावर आम्हाला वर काढले आणि उन्हात पसरले. पाणी उडून गेले. मीठ मात्र आत राहिले, कारण मिठाला उडता येत नाही. मग आम्हाला दळले आणि गोण्यांत भरले. मी यंत्राच्या कडेला अडकून अर्धवटच दळले गेले, म्हणून भुग्यात माझा एवढा गोळा शिल्लक राहिला.

ऑक्टोबरात आगेराचा सण झाला. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी गेल्या. त्या रविवारी मिस्साची प्रार्थना संपल्यावर फ्लॉईडने चर्चच्या हॉलमध्ये लोकांना थांबवून घेतले. त्याने गोणीत हात घातला आणि नेमके मला बाहेर काढले, कारण मी सगळ्यांत मोठे होते. बादलीत बुडवले, वर काढले आणि सर्वांसमोर पिळले. पाण्याची धार लागली. लोक आपापसांत बोलू लागले. त्याने पुन्हा बुडवले, पुन्हा पिळले. पुन्हा धार. मागच्या बाकावरच्या कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

मित्रांनो, त्या टाळ्या मला आजही आठवतात आणि आठवल्या की कुठे तोंड लपवू असे होते. तेव्हा मात्र मी फुलून गेले होते. त्या बादलीतले पाणी एकाने जरी जिभेला लावून पाहिले असते, तर पुढचे सगळे टळले असते. पण बादलीतले पाणी कोण चाखतो?

पुढच्या बाकावर प्रिस्का बसली होती. तिचे गावाच्या कडेला, विहिरीपासून लांब, भाताचे एक शेत आहे. भात निघाले की ती त्याच ओलीवर वाल पेरते. वालाला पाणी द्यायचे नसते. जमिनीत उरलेली ओल आणि पहाटेचे दव, एवढ्यावर तो वाढतो. पण हल्ली शेताच्या वरच्या अंगाला भराव पडले आहेत आणि नाताळ यायच्या आत जमीन कोरडी ठक्क होते. त्यामुळे बादलीतली धार बघून तिचे डोळे चमकले आणि तिने फ्लॉईडकडून भुग्याच्या गोण्या घेतल्या. तिचे वालही साधे नव्हते. बारीक, तांबूस, किंचित कडवट. ते तिच्या माहेरचे बियाणे. बाजारात वालाच्या राशी मिळतात, पण हा वाल गावात तिच्याखेरीज कोणाकडे उरला नव्हता. म्हणून ती दरवर्षी निम्मे बी पेरायची आणि निम्मे मागे ठेवायची.

त्या वर्षी भात कापताना ती बांधावरून घसरली होती आणि तिच्या पायाला लागले होते. तिला खाली बसता येईना. म्हणून वाल पेरायचे काम सुनेवर आले. सून म्हणजे विनी. तिचा नवरा जॉन बोटीवर नोकरीला, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. विनी आचोळ्याच्या एका बिल्डिंगमध्ये वाढलेली. ती एका दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर बसते. मातीत हात घालायची तिची ही पहिलीच वेळ होती. तिने आदल्या दिवशी नखे कापली होती, एवढी तिने त्याची तयारी केली होती.

शेतात गोण्या रिकाम्या झाल्या. भुगा मातीत कालवला गेला आणि त्याबरोबर मीही मातीत आले, अर्धे आत, अर्धे वर. प्रिस्का बांधावर काठी टेकून बसली होती.

"आई, थोडं बी मागे ठेवू ना? नेहमी ठेवता तसं," विनीने विचारले.

"काय करायचं ठेवून? यंदा भुगा हाय ना. एक दाना वाया जानार नाय. सगळं टाक."

"नक्की ना?"

"टाक गो, बाय. विचार काय करते?"

विनीने सगळे बी पेरले. भुगा मात्र पुरला नाही. बांधाच्या कडेची एक अरुंद पट्टी तशीच राहिली. विनीने तिथेही बी टाकले, नुसत्या मातीत, आणि हात झटकून घरी गेली.

आता मी मातीत होते. माती म्हणजे काय, हे मला तोवर माहीत नव्हते. मी समजत होते की माती म्हणजे झाड उभे राहायची जागा. मित्रांनो, ती भरलेली चाळ आहे. मुंग्यांची ये-जा चाललेली असते. बुरशीचे पांढरे, बारीक धागे एका ढेकळातून दुसऱ्या ढेकळात गेलेले असतात. गांडुळे माती खातात, माती टाकतात आणि जाता जाता हवेला वाट करून देतात. डोळ्यांना न दिसणारे जीव तर इतके, की मोजणाराच थकेल. त्यातले काही वालाच्या मुळांची वाट बघत असतात. मूळ आले की ते त्याला बिलगतात. मग मुळावर मण्यांएवढ्या गाठी धरतात, आणि त्या गाठींत ते वालासाठी हवेतून खत बनवतात. बदल्यात वाल त्यांना गोड रस देतो. असा त्यांचा जुना घरोबा आहे.

त्या सगळ्यांनी माझे स्वागत केले. का नाही करणार? मी ओले होते. कोरड्या पडत चाललेल्या जमिनीत ओल घेऊन आलेला पाहुणा कोणाला नको असतो? सर्वांत आधी एक गांडूळ माझ्याकडे आले. गांडुळाला नाक नसते, ते सगळ्या अंगाने श्वास घेते. ते येऊन माझ्या कुशीला टेकले. टेकले आणि एकदम आखडले. त्याने अंग वळवून पाहिले, उलटे सरकून पाहिले, पण त्या बाजूलाही माझेच भाऊबंद पसरले होते. त्यांच्याही अंगात तेच मीठ होते. ते गांडूळ तिथून बाहेर पडले नाही.

मला काही कळेना. मी त्याला काही केले नव्हते. मी फक्त ओले होते.

मग हळूहळू सगळे कळत गेले. माझ्या ओलीबरोबर माझ्यातले मीठ मातीत उतरत होते. जी गांडुळे निघू शकली ती बांधाच्या दिशेने निघून गेली. बुरशीचे धागे तुटले. मुळांची वाट बघणारे ते बारीक जीव वाट बघता बघताच संपले. आणि मग वालाची मुळे आली. कोवळी, पांढरी, पाण्याच्या शोधात थेट माझ्याकडे आलेली. मी त्यांना जवळ घेतले. माझ्याकडे पाणी होते हो! पण खारे पाणी मुळाला ओढता येत नाही. माझे अंग निथळत होते आणि मला चिकटलेले मूळ तहानेने सुकत होते. ते मला बघावे लागले, कारण मला डोळे मिटता येत नाहीत.

वर पानांच्या कडा करपू लागल्या. विनीला वाटले, पाणी कमी पडते. वालाला पाणी द्यायचे नसते हे तिला सांगितले होते, तरी तिला राहवेना. कामावरून येताना ती स्कूटीवर पायाशी पाण्याचा कॅन ठेवून आणू लागली. वाकून एकेका रोपाला ओंजळीने पाणी घाली. ते पाणी गोडे होते. पण एवढ्याशा पाण्याने माझ्यातले मीठ धुतले जात नव्हते, फक्त अजून विरघळून मुळाशी जात होते. ती जितकी माया करी, तितका वाल मरत होता. मी तिला सांगणार तरी कसे?

नाताळनंतर वालाचे एक रोप उपटून मूळ बघायची प्रिस्काच्या घरात पद्धत आहे. गाठी धरल्या असल्या की पीक येणार, असे समजतात. विनीने रोप उपटले आणि झटकले. मूळ धुतल्यासारखे स्वच्छ होते. एकही गाठ नव्हती. तिने दुसरे उपटले, तिसरे उपटले. शेजारची रोझमेरी तेव्हा बांधावर प्रिस्काजवळ उभी होती. विनी थोडी दूर होती, पण ऐकू न येण्याइतकी दूर नव्हती.

"भुगा तर चांगलाच हाय," रोझमेरी म्हणाली. "मी पन फ्लॉईडला सांगून ठेवलाय. सगळं गाव घेनार हाय."

"मग असं काय झालं?" प्रिस्काने विचारले.

"आता कसं बोलू? पेरनारीच्या हाताला पन गुन लागतो ना. बिल्डिंगमधली पोर ती, तिचा काय दोष. पन बांधाकडचं बघ, कसं हिरवंगार हाय. ते तू पेरलं असशील, प्रिस्का. लगेच कळतं."

प्रिस्का बांधाकडच्या पट्टीकडे बघत राहिली. तेही विनीनेच पेरले, एवढे तिने म्हटले असते तरी पुरे होते. ती काठी उचलून घराकडे चालू लागली.

विनी खाली वाकलेलीच राहिली. तिच्या हातात ती तीन रोपे होती. तिने आपले हात पालथे करून पाहिले, मग उताणे करून पाहिले, जणू काही लागले आहे का ते शोधते आहे. मग रोपे हळूच खाली ठेवली आणि डोळे पुसले.

मित्रांनो, मी त्यांच्या पायांशी पडले होते. कौतुक माझे चालले होते आणि बोल तिला लागला होता. चुलीत जळून गेलेल्या माझ्या भावंडांचा मला त्या दिवशी हेवा वाटला. त्यांनी निदान कोणाचे पाणी तरी तापवले.

त्यानंतर विनी शेतावर यायची कमी झाली. जानेवारीतल्या एका सकाळी ती आली ती बाहेरच्या कपड्यांत. स्कूटीला बॅग अडकवलेली होती. ती आचोळ्याला आईकडे निघाली होती आणि परत कधी येणार ते तिने घरी सांगितले नव्हते. जाता जाता एकदा शेत बघावे म्हणून थांबली होती. तेवढ्यात फ्लॉईडचा टेम्पो आला. मागे भुग्याच्या गोण्या रचलेल्या होत्या. त्या दिवशी घरोघर पोचवायच्या होत्या.

"वहिनी, असा चेहरा का?" तो शेतात उतरत म्हणाला. "पहिल्या वर्षी होतं असं. टेन्शन घेऊ नका. भुगा आपलं काम करतोय. हे बघा."

त्याने इकडेतिकडे पाहिले आणि मला मातीतून उपटले. जानेवारीतही मी ओले होते. "बघा, अजून ओलं! आहे की नाही?" असे म्हणत त्याने मला मुठीत धरून हॉलमधल्यासारखे पिळले.

त्याच सकाळी यंत्राच्या पत्र्याने त्याचा तळहात चिरला होता. माझ्यातले पाणी त्या जखमेत उतरले. तो कळवळला. त्याने हात झटकला, तळहातावर फुंकर घातली आणि सवयीने जखम तोंडाला लावली.

मग तो तसाच थांबला. हात तोंडाशी. मी त्याचा चेहरा बघत होते. खाजणातले ते डबके त्याला आठवत होते, हे मला दिसत होते.

"काय झालं?" विनीने विचारले.

"काही नाही," तो म्हणाला. "चिरलंय जरा."

त्याने मला पँटच्या खिशात कोंबले आणि टेम्पोकडे गेला. मागे विनीने स्कूटी सुरू केल्याचा आवाज आला. टेम्पोही सुरू झाला. आता जे सांगते त्याची मला सर्वांत जास्त लाज वाटते. खिशाच्या त्या अंधारात मला हायसे वाटले. वाटले, सुटले! आता हा मला कुठेतरी फेकून देईल, कोणाला काही कळणार नाही आणि माझे नाव चांगलेच राहील. विनीचा विचार माझ्या मनात त्या क्षणी आलाच नाही.

टेम्पो रोझमेरीच्या दारात थांबला. फ्लॉईड उतरला. त्याने गोणीला हात घातला आणि तसाच उभा राहिला.

"उतरव ना रे," रोझमेरी आतून म्हणाली. "जागा करून ठेवलीय मी."

"नाही देत आज."

"का? काय झालं?"

"तू चल माझ्याबरोबर, मावशी. प्रिस्कामावशीकडे. चल ना, विचारू नको."

विनी पाण्याची बाटली विसरली म्हणून घरी परतली होती. ती ओटीवरून खाली उतरतच होती. प्रिस्का दाराशी खुर्चीवर बसली होती. फ्लॉईडने खिशातून मला काढले आणि प्रिस्काच्या पुढे धरले.

"मावशी, याला बोट लावून चाटून बघ."

"येड लागलं काय तुला?"

"बघ तर."

प्रिस्काने बोट लावले, जिभेला टेकवले आणि तोंड वाकडे केले. "खारं हाय."

"खाजणात भिजवलेलं," फ्लॉईड म्हणाला. "धुवायला पाहिजे होतं. माझ्या डोक्यातच आलं नाही. तिथे शेतात कळलं तरी मी गप्प बसून निघालो होतो. वाल माझ्यामुळे मेला, मावशी. वहिनींनी काही केलं नाही."

विनीने बाटली पायरीवर ठेवली.

"आणि बांधाकडचा?" तिने विचारले.

"तिथे भुगा पोचलाच नव्हता."

"म्हणजे तो चांगला आला, तो..." विनीला पुढे बोलवेना. तिने सासूकडे पाहिले.

प्रिस्का काठीवर जोर देऊन उभी राहिली. पाय दुखत होता तरी ती पायरी उतरून विनीपाशी गेली. "तो पन तूच पेरलास," ती म्हणाली. "मला ठाऊक होतं. ही रोझमेरी बोलली तवा मी गप बसले. आनि सगळं बी टाक म्हनून तुला मीच सांगितलं. तू दोनदा विचारलंस." ती जरा थांबली. "तुझ्या हाताला काय नाय झालं, बाय. माझ्याच तोंडाला झालं होतं."

रोझमेरीने मान खाली घातली. फ्लॉईडची आधीच खाली होती. त्या ओटीवर मान वर असलेली एकच व्यक्ती होती, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते.

विनी त्या दिवशी आचोळ्याला गेलीच. दुखलेले मन एका वाक्याने बरे होत नाही, हे प्रिस्कालाही कळत होते, तिने अडवले नाही. पण स्कूटीवर बसताना विनी म्हणाली, "रविवारी येते. बांधाकडच्या शेंगा कोणी तोडू नका." आणि ती रविवारी आली.

त्या पट्टीवरच्या शेंगा तिने झाडावरच वाळू दिल्या. त्या वर्षी घरात वालाचे बिरडे झाले नाही. फार थोडे बी निघाले, पण ते सगळे पुढच्या पेरणीसाठी राहिले, आणि प्रिस्काच्या माहेरचा वाल गावातून संपला नाही. फ्लॉईड प्रत्येक घरी जाऊन स्वतः सांगून आला की भुगा घेऊ नका, आणि का घेऊ नका तेही. काही जण हसले. एकाने टाळ्यांची आठवण काढून त्याला चिडवले. त्याने ऐकून घेतले. सगळ्या गोण्या त्याने अंगणात उघड्यावर पसरल्या आणि पावसाळाभर तशाच ठेवल्या.

पावसाने शेतातलेही बरेच मीठ वाहून नेले. तरी मधल्या भागात भात खुजेच राहिले. बांधाकडे खणले की गांडुळे दिसतात, मध्ये मात्र अजून क्वचितच एखादे सापडते. माती बिघडवायला मला एक हिवाळा पुरला. ती सुधारायला किती लागतील, ते मला माहीत नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कोणी शेती कराल, कोणी गॅलरीत चार कुंड्या ठेवाल. मातीत काही घालायची वेळ येईल तेव्हा माझी आठवण ठेवा. ते किती पाणी धरते एवढेच बघू नका. ते आधी कुठे होते आणि काय प्यायले आहे, हेही विचारा. आधी थोडे धुवा, थोड्याच जागेत घालून पाहा, आणि गांडुळे तिथे राहतात का, मुळांना गाठी धरतात का, ते बघा. मातीतल्या जीवांना ओरडता येत नाही. मलाही बोलता येत नव्हते, म्हणून एका निरपराध मुलीला रडावे लागले. तुम्हाला बोलता येते. कोणाच्या हाताला विनाकारण नावे ठेवली जात असतील आणि तुम्हाला खरे ठाऊक असेल, तर गप्प बसू नका.

आता पुन्हा वाल पेरायचे दिवस जवळ आले आहेत. भुगा या वेळी घालायचा की नाही, आणि घातला तर केवढ्या जागेत, हे घरात विनी ठरवणार आहे. प्रिस्कानेच तसे सांगितले. पडवीत एका टबात गोडे पाणी भरून विनीने मला त्यात बुडवून ठेवले आहे. दर रविवारी ती मला पिळते, ते पाणी फेकते आणि नवे भरते. मघाशीही ती आली होती. तिने मला पिळले, निथळलेल्या पाण्यात बोट बुडवले आणि जिभेला लावले. दाराशी प्रिस्का आणि फ्लॉईड तिच्या तोंडाकडे बघत उभे होते.

"अजून एक पाणी लागेल," ती म्हणाली.

लागू दे.